कॅनडाचे १९६७ : शतसांवत्सरिक वर्ष

कॅनडाच्या महासंघाला शंभर वर्षे पूर्ण झाली ते वर्ष. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिश उत्तर अमेरिका कायदा अमलात आला आणि ऑन्टॅरिओ, क्वेबेक, नोव्हा स्कॉशिया व न्यू ब्रन्झविक या चार प्रांतांचे मिळून कॅनडा हे डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातला स्वशासित देश, झाले. १९६७ पर्यंत प्रांत दहा झाले होते, उत्तरेला दोन विरळ वस्तीचे प्रदेश होते आणि लोकसंख्या दोन कोटींच्या घरात गेली होती. पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांचे लिबरल सरकार अल्पमतातले होते. मेपलच्या पानाचा राष्ट्रध्वज जेमतेम दोन वर्षांचा होता. ‘ओ कॅनडा’ सगळीकडे गायले जाई, पण त्याला कायद्याने राष्ट्रगीताचा दर्जा मिळायला १९८० उजाडावे लागले.

या वर्षाची आठवण कॅनडात बहुतेकदा एखाद्या मोठ्या जत्रेसारखी काढली जाते. पत्रकार पिअर बर्टन यांनी १९९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा ‘शेवटचे चांगले वर्ष’ अशा अर्थाचे नाव त्याला दिले. जत्रा मोठी होती यात शंका नाही. मात्र पुढच्या पन्नास वर्षांत देशाचा जो चेहरामोहरा बदलला, त्याची मुळे शोधू लागले की हाती लागतात ते काही सरकारी कागद, एक सभात्याग आणि एका पाहुण्याने सज्जात उभे राहून उच्चारलेले चार शब्द.

उत्सव. १९६६ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री ऑटावात संसदेसमोर पिअरसन यांनी शतसांवत्सरिक ज्योत पेटवली. ती वायूवर चालते. भोवती पाण्याचे कुंड असून कडेने प्रांत व प्रदेशांच्या ढाली बसवलेल्या आहेत. एका वर्षापुरती म्हणून लावलेली ही ज्योत लोकांना इतकी आवडली की ती तिथेच राहिली. उत्सवाचे बोधचिन्ह होते अकरा त्रिकोणांचे मेपलचे पान : दहा प्रांतांचे दहा आणि उत्तरेचा एक. सहा डब्यांच्या प्रदर्शनगाडीने देशभर फिरून इतिहास दाखवला. तिचा भोंगा ‘ओ कॅनडा’चे पहिले चार स्वर वाजवी. रूळ जिथे पोचत नव्हते त्या गावांना मोठमोठ्या ट्रकांचे आठ तांडे गेले. नाण्यांवरही त्या वर्षी प्राणी-पक्षी आले. चित्रकार ॲलेक्स कोलव्हिल यांनी सेंटवर पारवा, पाच सेंटांवर ससा, पन्नास सेंटांवर लांडगा आणि चांदीच्या डॉलरवर उडता हंस अशी चित्रे काढली. फरच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या वाटेने, ॲल्बर्टातील रॉकी माउंटन हाउसपासून माँट्रियालपर्यंत, होड्यांची शर्यत झाली. ती १०४ दिवस चालली आणि मॅनिटोबाच्या वल्हेकऱ्यांनी जिंकली.

गावोगावी काही तरी कायमचे उभे राहावे म्हणून केंद्र सरकार दरडोई एक डॉलर देई आणि प्रांत व नगरपालिकेने तेवढीच भर घालायची, अशी योजना होती. त्यातून ग्रंथालये, बर्फावरच्या खेळांची मैदाने, नाट्यगृहे आणि उद्याने झाली. आज कॅनडातल्या कुठल्याही मध्यम शहरात ‘सेंटेनियल’ नावाची एखादी इमारत हमखास सापडते आणि तिच्या काँक्रीटवरून तिचे वय ओळखता येते. सगळ्यांचीच कल्पनाशक्ती ग्रंथालयापाशी थांबली नाही. ॲल्बर्टातील सेंट पॉल या गावाने उडत्या तबकड्या उतरण्यासाठी चौथरा बांधला आणि ३ जून रोजी खुद्द संरक्षणमंत्री पॉल हेलियर यांनी त्याचे उद्घाटन केले. मॅनिटोबातील बोझमन गावात नुकतीच भुयारी गटारे आली होती. तिथल्या लोकांनी परसातली लाकडी शौचकुपे एकत्र रचून त्यांची होळी केली आणि नव्या वर्षाचे स्वागत केले. शंभर वर्षांत काय साधले याचे इतके नेमके उत्तर फार थोड्या गावांना देता आले असेल.

एक्स्पो ६७. उत्सवाचा कळस म्हणजे माँट्रियालचे जागतिक प्रदर्शन. मुळात हा मान मॉस्कोकडे गेला होता. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने अंग काढून घेतले आणि महापौर ज्याँ द्रापो यांनी संधी साधली. जागा नव्हती, म्हणून सेंट लॉरेन्स नदीत ती तयार करण्यात आली. सेंट हेलेन बेट भर घालून वाढवले आणि शेजारी नोत्र-दाम नावाचे नवे बेट उभारले. त्याच सुमारास शहरात मेट्रोचे बोगदे खणले जात होते. त्यांतून निघालेला दगड-माती या भरावात वापरला गेला. मेट्रो ऑक्टोबर १९६६ मध्ये सुरू झाली, प्रदर्शन २८ एप्रिल १९६७ रोजी लोकांसाठी खुले झाले आणि २९ ऑक्टोबरपर्यंत चालले. ६२ देश त्यात सहभागी झाले. भारताचेही दालन होते. सहा महिन्यांत पाच कोटींहून अधिक वेळा लोक दारातून आत गेले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अडीच पट. प्रवेशपत्र पासपोर्टसारखे होते. दालनादालनांतून शिक्के मारून घेत पोरे दिवसभर ‘जगप्रवास’ करीत.

प्रदर्शनाचे सूत्र ‘माणूस आणि त्याचे जग’ असे होते. त्याचे फ्रेंच रूप वैमानिक-लेखक सेंत-एक्झुपेरी यांच्या पुस्तकावरून घेतले होते. अमेरिकेचे दालन म्हणजे बकमिन्स्टर फुलर यांचा प्रचंड गोल सांगाडा. त्यावरचे पारदर्शक आवरण १९७६ च्या आगीत जळाले, पण सांगाडा आजही उभा आहे. वास्तुकलेच्या इतिहासात ज्याला स्वतंत्र जागा मिळाली ते मात्र हॅबिटॅट ६७. मॉशे साफ्दी हे तेव्हा तिशीच्या आतले. मॅकगिल विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलेली कल्पना त्यांना इथे प्रत्यक्षात आणायला मिळाली. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या ३५४ पेट्या एकमेकींवर तिरक्यातारक्या रचून त्यांनी १५८ घरे केली. एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण. स्वस्त घरांचा नमुना म्हणून आखलेली ही इमारत प्रत्यक्षात महाग पडली, आणि आता तिथे राहतात ते पैसेवाले. चित्रपटाच्या बाजूने पाहिले, तर अनेक पडद्यांवर एकाच वेळी चित्रे दाखवण्याचे प्रयोग इथे झाले आणि ते करणाऱ्यांतल्याच काहींनी त्याच वर्षी आयमॅक्स कंपनी काढली.

पाहुण्याचे चार शब्द. प्रदर्शनाच्या निमित्ताने अनेक राष्ट्रप्रमुख आले. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल मात्र ऑटावाला न उतरता ‘कोलबेर’ या युद्धनौकेने थेट फ्रेंच भाषकांच्या क्वेबेक प्रांतातील क्वेबेक शहरात पोचले. २४ जुलै रोजी ते नदीकाठच्या जुन्या राजमार्गाने, गावोगावच्या स्वागतकमानींखालून, माँट्रियालला आले. संध्याकाळी नगरभवनाच्या सज्जातून त्यांनी गर्दीला सांगितले की वाटेत मला फ्रान्सच्या मुक्ततेच्या वेळचे वातावरण जाणवले. मग ‘माँट्रियाल चिरायु होवो’, ‘क्वेबेक चिरायु होवो’ असे म्हणत पुढे ते म्हणाले : ‘व्हीव्ह ल केबेक लिब्र!’ मुक्त क्वेबेक चिरायु होवो. ही घोषणा क्वेबेकमधल्या स्वातंत्र्यवाद्यांच्या फलकांवरची होती आणि तिचा अर्थ खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता.

पिअरसन यांनी दुसऱ्या दिवशी निवेदन काढले. कॅनडाचे लोक मुक्त आहेत, प्रत्येक प्रांत मुक्त आहे, त्यांना कोणी मुक्त करण्याची गरज नाही. उलट फ्रान्स आणि युरोप मुक्त करण्यासाठी हजारो कॅनेडियनांनी प्राण दिले आहेत, अशा आशयाचे ते उत्तर होते. सुरकुती न पडलेल्या राजनैतिक भाषेत इतका झणझणीत मजकूर क्वचितच लिहिला जातो. द गोल यांनी ऑटावाची भेट रद्द केली आणि २६ जुलैला ते विमानाने परत गेले.

हे शब्द कोरड्या जमिनीवर पडले नव्हते. क्वेबेकमध्ये १९६० पासून ‘शांत क्रांती’ चालू होती. शिक्षण व आरोग्य चर्चच्या हातून सरकारकडे आले, वीजकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि कारखान्यात साहेबाची भाषा इंग्रजीच का, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. प्रांताचे प्रीमियर (आपल्याकडे ज्यांना मुख्यमंत्री म्हणू) दानिएल जॉन्सन हे १९६६ मध्ये निवडून आले ते ‘समानता किंवा स्वातंत्र्य’ ही भूमिका घेऊन. वीज राष्ट्रीयीकरणाचे शिल्पकार रने लेव्हेक हे विरोधी लिबरल पक्षात होते. १४ ऑक्टोबर १९६७ रोजी पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या सार्वभौमत्वाच्या प्रस्तावाची डाळ शिजेना, तेव्हा ते आपल्या साथीदारांसह उठून बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘सार्वभौमत्व-सहयोग चळवळ’ सुरू केली. पुढच्या वर्षी तिच्यातून पार्ती केबेक्वा हा पक्ष झाला, १९७६ मध्ये तो सत्तेवर आला आणि सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर १९८० व १९९५ अशी दोन सार्वमते झाली. द गोल यांनी आग लावली असे इंग्रजी भाषक कॅनडात अजून म्हटले जाते. खरे तर त्यांनी फुंकर घातली. चूल आधीच पेटलेली होती.

ऑटावा आणि इतर प्रांतही स्वस्थ बसले नव्हते. द्विभाषा व द्विसंस्कृती आयोगाच्या अहवालाचा भाषाविषयक पहिला खंड याच वर्षी आला आणि १९६९ च्या राजभाषा कायद्याचा पाया त्याने घातला. नोव्हेंबरच्या अखेरीस ऑन्टॅरिओचे प्रीमियर जॉन रोबार्ट्स यांनी टोरंटोतल्या नव्याकोऱ्या मनोऱ्याच्या ५४ व्या मजल्यावर प्रांतांची परिषद बोलावली. तिथे क्वेबेकचे म्हणणे इतर प्रांतांनी निदान बसून ऐकले.

ज्यांचा हा उत्सव नव्हता. १ जुलै रोजी ऑटावात राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते भला मोठा केक कापला जात होता. त्याच दिवशी व्हँकुव्हरच्या एम्पायर स्टेडियममध्ये त्स्लेल-वॉटुथ जमातीचे प्रमुख डॅन जॉर्ज यांनी हजारो लोकांसमोर महासंघासाठी एक विलाप वाचला. तुम्ही शंभर वर्षे साजरी करीत आहात, पण माझे मासे, माझी जंगले, माझी भाषा कुठे आहे, असा त्याचा सूर होता. माँट्रियालच्या प्रदर्शनात ‘कॅनडाचे इंडियन’ नावाचे उंच तंबूच्या आकाराचे दालन होते. नॉरव्हल मॉरिसो, ॲलेक्स जॅन्व्हिए, जॉर्ज क्लुटेसी अशा आदिवासी चित्रकारांनी ते सजवले होते. सरकारच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या दालनातल्या भिंतींनी सरकारचीच झाडाझडती घेतली. हिसकावलेल्या जमिनी, मोडलेले करार आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांत पोरांवर लादलेली परकी भाषा, सगळे तिथे लिहिले होते.

निवासी शाळांचा उल्लेख वरवरचा नव्हता. ऑक्टोबर १९६६ मध्ये चेनी वेनजॅक हा ओजिब्वे या आदिवासी जमातीचा १२ वर्षांचा मुलगा केनोरा येथील शाळेतून पळाला आणि घराच्या वाटेवर रेल्वेरुळांच्या कडेला थंडीने मेला. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘मॅक्लीन्स’ या नियतकालिकाने त्याची हकीकत छापली. देशाने या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली ती २००८ मध्ये.

राजकारण आणि कायदे. मार्चमध्ये राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉर्ज व्हानिए यांचे निधन झाले. त्यांच्या जागी रोलंड मिचनर आले. ते तोपर्यंत कॅनडाचे भारतातील उच्चायुक्त होते, म्हणजे शतसांवत्सरिक वर्षाचा यजमान थेट दिल्लीहून आला होता. १७ एप्रिलला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा नागरी सन्मान स्थापन झाला. ब्रिटिश पदव्यांना पर्याय असलेल्या या सन्मानाच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ ‘अधिक चांगल्या देशाची आस धरणारे’ असा आहे.

परराष्ट्र धोरणात पिअरसन यांना मे महिन्यात एक कडू घोट घ्यावा लागला. सुएझ संकटानंतर उभ्या राहिलेल्या ज्या संयुक्त राष्ट्र सेनेसाठी त्यांना १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तिला इजिप्तने निघून जायला सांगितले आणि कॅनेडियन सैनिकांना तर ४८ तासांची मुदत दिली. त्या सेनेचे नेतृत्व तेव्हा भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखी करीत होते.

सप्टेंबरमध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने टोरंटोतल्या अधिवेशनात माजी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांना बाजूला सारून नोव्हा स्कॉशियाचे प्रीमियर रॉबर्ट स्टॅनफील्ड यांना नेता निवडले. मतदानाच्या पाच फेऱ्या झाल्या. डीफेनबेकर तिसरीनंतर बाहेर पडले. १४ डिसेंबरला पिअरसन यांनीही निवृत्ती जाहीर केली. दोन जुने प्रतिस्पर्धी एकाच हंगामात पायउतार झाले.

एप्रिलपासून न्यायमंत्रिपदी असलेले पिएर त्रुदो यांनी डिसेंबरमध्ये धडाका लावला. आधी घटस्फोट कायद्यातली सुधारणा; मग २१ डिसेंबरला फौजदारी कायद्यातील बदलांचे भलेथोरले विधेयक. गर्भपातावरची बंदी सैल करणे आणि प्रौढांच्या खाजगी समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणे ही त्यातली कलमे. अवघ्या दीड महिन्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने एव्हरेट क्लिपर्ट या माणसाला केवळ समलिंगी संबंधांवरून ‘धोकादायक लैंगिक गुन्हेगार’ ठरवून अनिश्चित काळासाठी तुरुंगात ठेवण्यावर शिक्कामोर्तब केले होते. देशाच्या शयनगृहांत राज्यसंस्थेचे काही काम नाही, हे त्रुदो यांचे वाक्य पत्रकारांशी बोलताना आले आणि त्यांच्या नावावर कायमचे जडले. मूळ कल्पना ‘ग्लोब अँड मेल’च्या अग्रलेखातली होती. ते विधेयक १९६९ मध्ये संमत झाले, तोवर त्रुदो पंतप्रधान झाले होते. याच डिसेंबरात पोलीस आणि तुरुंगरक्षक यांच्या हत्येखेरीज इतर गुन्ह्यांसाठी फाशी पाच वर्षे स्थगित करण्याचा कायदाही झाला.

स्त्रियांच्या दर्जाविषयीचा राजआयोग फेब्रुवारीत नेमला गेला. त्यामागे लॉरा साबिया यांची धमकी होती. आयोग नेमला नाही तर वीस लाख बायका ऑटावावर चालून येतील, असे त्यांनी वार्ताहराला ठोकून दिले. एवढ्या बायका जमवणे आपल्याला जमले नसते, हे त्यांना पुरते माहीत होते. सरकारने मात्र परीक्षा पाहिली नाही. पत्रकार फ्लॉरेन्स बर्ड अध्यक्ष झाल्या. केंद्रीय राजआयोगाचे अध्यक्षपद स्त्रीकडे जाण्याची ही पहिली वेळ.

कला आणि खेळ. लुई रिएल या मेती (युरोपीय व आदिवासी अशा मिश्र वंशाच्या) समाजाच्या नेत्यावरचा हॅरी सोमर्स यांचा ऑपेरा सप्टेंबरमध्ये टोरंटोत रंगमंचावर आला. गॉर्डन लाइटफूट यांनी रेल्वेवरचे दीर्घगीत १ जानेवारीच्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी रचले. लेनर्ड कोहेन यांची पहिली ध्वनिमुद्रिका वर्ष संपता संपता निघाली. आइस हॉकीत २ मे रोजी टोरंटो मेपल लीफ्सने माँट्रियाल कॅनेडियन्सला हरवून स्टॅनली चषक जिंकला. गोलरक्षक जॉनी बाउअर चाळिशी ओलांडलेले, संघ म्हाताऱ्यांचा म्हणून हिणवलेला. त्यानंतर टोरंटोला तो चषक पुन्हा मिळालेला नाही, आणि ‘६७’ हा आकडा त्या शहरात अजूनही उसासा टाकूनच उच्चारतात.

गुणांकन पद्धती. १ ऑक्टोबर १९६७ पासून स्थलांतराचे नवे नियम लागू झाले. ना ज्योत, ना केक. मंत्रिमंडळाच्या आदेशाने निघालेली नियमावली होती ती. या वर्षाने देशाला जे जे दिले त्यांत तिचा क्रमांक पहिला लावायला हवा.

तोवरचा इतिहास असा : १९०८ मध्ये ‘अखंड प्रवासा’ची अट घालून भारतीयांना दार बंद करण्यात आले. भारतातून थेट येणारी जहाजसेवाच नसल्याने अट म्हणजे बंदीच होती. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाज व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवले गेले. १९५१ च्या करारानुसार वर्षाला १५० भारतीयांना प्रवेश मिळू लागला आणि १९५७ मध्ये हा कोटा ३०० झाला. १९६२ च्या नियमांनी वंशाची अट बहुतांशी काढली, पण नातेवाइकांना बोलावण्याच्या हक्कात भेद ठेवला आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला.

१९६७ च्या नियमांनी अर्जदाराचा देश विचारात घेणेच थांबवले आणि त्याला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. शिक्षणाला जास्तीत जास्त २०; व्यवसायाची मागणी आणि अधिकाऱ्याचे व्यक्तिगत मूल्यमापन प्रत्येकी १५; कौशल्य, वय, आधीच ठरलेली नोकरी आणि इंग्रजी-फ्रेंच भाषा प्रत्येकी १०; कॅनडातले नातेवाईक आणि जिथे जायचे तिथली रोजगाराची स्थिती प्रत्येकी ५. पन्नास गुण मिळाले की दार उघडले. मुंबईतल्या तिशीच्या इंजिनियरचा हिशेब करून पाहावा : सोळा वर्षांच्या शिक्षणाचे १६, वयाचे १०, चांगल्या इंग्रजीचे ५, व्यावसायिक कौशल्याचे १०. झाले ४१. मुलाखतीत अधिकाऱ्याने दहा दिले की काम फत्ते; कॅनडात काका-मामा असण्याची गरज नाही. अर्थात त्या पंधरा गुणांत अधिकाऱ्याची मर्जी मागच्या दाराने शिल्लक राहिलीच होती. शिवाय पदवी नसलेल्या शेतकऱ्याला हे कोष्टक १९०८ च्या नियमाइतकेच बंद होते, फक्त कारण वेगळे.

पर्यटक म्हणून येऊन तिथूनच अर्ज करण्याची मुभाही या नियमांत होती. ती इतकी वापरली गेली की अर्जांचे ढीग साचले आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये ती काढून घ्यावी लागली. दरम्यान भारत, हाँगकाँग, कॅरिबियन बेटे आणि फिलिपिन्समधून येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. महाराष्ट्रातून गेलेले इंजिनियर, डॉक्टर आणि प्राध्यापक याच दारातून टोरंटो, माँट्रियाल आणि व्हँकुव्हरला पोचले. टोरंटोतील मराठी भाषिक मंडळ हे त्या स्थलांतराचेच अपत्य. गुणांचे कोष्टक पुढे कितीदा तरी बदलले, पण वय, शिक्षण आणि भाषा यांचे रकाने कॅनडाच्या अर्जात आजही आहेत, आणि पुण्या-मुंबईतली मुले संगणकापुढे बसून आपले गुण मोजतात ते याच रकान्यांत.